अळीच्या पाठीवरचे तांदूळ

गडहिंग्लज तालुक्यात उसाच्या पानाला ट्रायकोकार्ड टाचलेले शेतकरी पुष्कळ भेटतील. त्या कार्डातून काय बाहेर पडते ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र क्वचितच भेटेल. त्यात कुणाचा दोष नाही. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी डिंकाने चिकटवलेली असतात. ती साठवणीच्या धान्याला लागणाऱ्या कॉर्सिरा नावाच्या पतंगाची, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात वाढत असते ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी. पूर्ण वाढ झालेली ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. कार्ड टाचल्यावर दोन-चार दिवसांत ती बाहेर पडते, पानापानावरून चालत खोडकिडीची किंवा कांडी किडीची अंडी हुडकते आणि त्या अंड्यांत आपले अंडे घालते. खोडकिडीच्या अंड्यातून मग अळी निघतच नाही, निघते ती आणखी एक ट्रायकोग्रामा.

कार्डावर विकत मिळते ती एक जात झाली. अशा शेकडो जाती आपल्या फडात, परड्यात, नदीकाठच्या उंबरावर आणि न्हाणीघराच्या खिडकीवर फुकट राबत असतात. त्या दिसत नाहीत याचे मुख्य कारण त्यांचा आकार नसून आपली शोधण्याची रीत आहे. आपण माशी शोधायला जातो. खरे तर शोधायची असते ती माशीने मागे ठेवलेली खूण. खूण ओळखता आली की माशी सापडते, आणि माशी सापडली की तिचे कुळ ओळखणे वाटते तेवढे अवघड राहत नाही.

आयतोबा, पण मारेकरी

गांधीलमाशी म्हटले की वाशाला लोंबणारे पोळे आणि सुजलेला गाल आठवतो. पण पोळे करून राहणाऱ्या, माणसाला डसणाऱ्या गांधीलमाश्या हा त्या सगळ्या गोतावळ्यातला अगदी छोटा हिस्सा आहे. बाकीच्या बहुसंख्य एकेकट्या राहतात, पोळे बांधत नाहीत आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. इक्न्युमोनिड, ब्रॅकोनिड आणि चाल्सिड या तीन मोठ्या गटांतच मिळून ६०,००० हून जास्त जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे, आणि नोंद न झालेल्या त्याहून कितीतरी अधिक असाव्यात असे या विषयातले जाणकार मानतात.

यांचा संसार दुसऱ्या किड्याच्या जिवावर चालतो. मादी आपले अंडे दुसऱ्या किड्याच्या अंड्यात, अळीत, कोषात किंवा क्वचित पूर्ण वाढलेल्या किड्यातही घालते. त्या किड्याला यजमान म्हणतात. अंड्यातून निघालेले पिल्लू यजमानाला आतून किंवा बाहेरून खाते, तिथेच किंवा शेजारी कोष करते आणि माशी होऊन उडून जाते. गोचीड किंवा जंत हेही परोपजीवीच, पण ते ज्याच्यावर जगतात त्याला सहसा मारत नाहीत. या माश्यांच्या बाबतीत यजमानाचे मरण ठरलेले असते.

मारण्याच्या पद्धती दोन. ब्रॅकॉन हेबेटॉरसारखी माशी अळीला नांगी मारून लुळी पाडते आणि तिच्या अंगावर बाहेरून अंडी घालते. ती अळी पुन्हा पान खात नाही. दुसरी पद्धत कोटेशियासारख्या माश्यांची. त्यांची पिल्ले अळीच्या पोटात असतात आणि अळी वरून चांगली चालती-फिरती, खाती-पिती दिसते. पिल्ले आधी तिच्या अंगातला रस आणि चरबी खातात, जिवाला लागणारे अवयव शेवटपर्यंत राखून ठेवतात. शरीरात उपरे काही शिरले तर अळीचे रक्त त्याला घेरून मारते. तसे होऊ नये म्हणून कोटेशियाची मादी अंड्यांबरोबर विषाणूंचे कण टोचते आणि ते अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडतात. हे विषाणू बाहेरून आलेले नसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते माशीच्या स्वतःच्या जनुकांत मिसळून गेले आणि आता आईकडून लेकीकडे वारसाहक्काने जातात.

हे सगळे पाहून चार्ल्स डार्विन अस्वस्थ झाला होता. १८६० च्या मे महिन्यात अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने इक्न्युमोनिड माश्यांचे उदाहरण दिले. जिवंत अळीला आतून खाणारा जीव एखाद्या दयाळू परमेश्वराने मुद्दाम घडवला असेल, हे आपल्याला पटत नाही, असा त्याचा मुद्दा होता. शेतकऱ्याने मात्र यात दया-माया शोधू नये. घाटेअळीला दया नाही, तिच्या पोटातल्या माशीलाही नाही.

खुणा कुठे दिसतात

शोधाला सुरुवात करायला रानात खोल जायला नको. गडहिंग्लजहून कुठल्याही गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला रुई सापडते. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा दाटीवाटीने बसलेला असतो. त्या पिवळ्या गर्दीत नीट पाहिले की काही मावे फुगीर, तपकिरी आणि कागदासारखे कोरडे दिसतात. बोट लावले तरी ते हलत नाहीत. या माव्याच्या ममी. आतल्या माशीच्या पिल्लाने माव्याचे अंग पोकळ केलेले असते, खालच्या बाजूने चीर पाडून रेशमाने त्याला पानाला चिकटवलेले असते आणि त्याच कातड्याच्या आत कोष केलेला असतो. चवळीवरच्या काळ्या माव्यात, मोहरी-कोबीवरच्या राखाडी माव्यात, ज्वारीच्या पोंग्यातल्या माव्यातही ममी दिसतात. बहुतेक ममी सोनेरी-तपकिरी असतात. काही कोळशासारख्या काळ्या असतात, त्या अफेलिनस या वेगळ्या कुळातल्या माशीच्या.

ममीच्या पाठीवर भोक असेल तर माशी उडून गेली आहे. ते भोकही वाचता येते. कड गुळगुळीत आणि गोल असेल, झाकण अजून एका बाजूने लटकत असेल, तर मावा मारणारी मूळ माशी बाहेर पडली. कड कुरतडल्यासारखी वेडीवाकडी असेल तर बहुधा बाहेर पडली ती परोपजीवीचीच परोपजीवी, म्हणजे माव्यातल्या माशीला खाणारी दुसरी माशी. चोरावर मोर म्हणतात तो प्रकार इथे शब्दशः चालतो.

दुसरी खूण अळ्यांवर. कोबीच्या गड्ड्यावर, लिंबाच्या पानावर किंवा गवतात एखादी अळी मरगळलेली दिसते आणि तिच्या पाठीवर किंवा पोटाखाली तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे-पिवळे पुंजके असतात. 'अळीने अंडी घातली' असे म्हणत लोक ती अळी चिरडून टाकतात. हा गैरसमज फार जुना आहे. इटलीतला निसर्ग-अभ्यासक उलिस्से आल्द्रोवांदी याने १६०२ साली छापलेल्या आपल्या कीटकांवरील ग्रंथात कोबीच्या अळीतून बाहेर येणाऱ्या अशाच पुंजक्यांची नोंद केली आणि त्यांना अंडीच म्हटले. अळी हे किड्याचे बालपण असते. अंडी घालते ती पुढे होणारी फुलपाखराची किंवा पतंगाची मादी. तेव्हा अळीच्या अंगावर अंड्यांसारखे काही दिसले, तर ती अळीची संतती नव्हे, अळीच्या वैऱ्याचे कोष आहेत. ऊस फोडताना कांडीच्या पोखरलेल्या नळीत मेलेल्या अळीशेजारी असाच पांढरा कापसी घोस दिसतो. तो कोटेशिया फ्लेव्हिपेसचा. एका अळीतून अशा कित्येक माश्या निघतात.

हरभऱ्यात खूण जरा वेगळी. घाटेअळी अजून लहान असतानाच कँपोलेटिस क्लोरिडी ही माशी तिच्यात अंडे घालते. अळी मोठी होऊन घाटे पोखरू लागण्याआधीच मरते आणि पानावर तिच्या वाळलेल्या कातडीशेजारी एकच लांबट, राखी-पांढरा, गडद ठिपक्यांचा कोष उरतो. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने हरभऱ्याच्या ओळीत वाकून पाहिले तर हे कोष सापडतात.

तिसरी खूण अंड्यांत. उसाच्या पानाच्या मागे खोडकिडीची चपटी, पांढुरकी अंडी खवल्यांसारखी एकावर एक चढलेल्या ओळींत असतात. अळी बाहेर यायच्या बेतात असली की प्रत्येक अंड्यात एक काळा ठिपका दिसतो; ते आतल्या अळीचे डोके. अंडे ठिपक्यापुरते नव्हे तर सगळेच्या सगळे काळेभोर झाले असेल, तर आत ट्रायकोग्रामा आहे. ट्रायकोकार्ड विकत घेतानाही हीच परीक्षा: कार्डावरची अंडी काळी पडलेली हवीत. पांढरट-पिवळी राहिलेली अंडी म्हणजे वाया गेलेले पैसे. हिरव्या-तपकिरी ढेकण्यांची पिंपाच्या आकाराची अंडी पानावर घोसाने चिकटलेली दिसतात, तीही तपासावीत. ढेकण्याचे पिल्लू बाहेर पडताना वरचे झाकण स्वच्छ उघडते. माशी मात्र दातांनी कुरतडून ओबडधोबड भोक पाडते.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यातही असेच पाहावे. मेणचट पांढरी भुकटी उडून गेलेला, फुगलेला, कडक आणि तपकिरी झालेला पिठ्या ढेकूण म्हणजे आतून संपलेला ढेकूण.

आणि घरातली खूण? खिडकीची काच. वाट चुकून घरात आलेले बारीक कीटक उजेडाकडे धावतात आणि काचेवर येऊन अडकतात. न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक काळी, लांब पायांची माशी दिसते. तिचे पोट इवलेसे, बाजूने चपटे आणि पाठीच्या वरच्या भागाला दांडीने जोडलेले असते. चालताना ते सतत वर-खाली हलते. ही इव्हानिया. हिची पिल्ले झुरळाच्या अंड्यांच्या डबीत वाढतात आणि डबीतली अंडी फस्त करतात. ती चावत नाही. घरात ती दिसते याचा अर्थ घरात झुरळे आहेत, एवढाच.

हिरण्यकेशीकाठचे उंबर

या माश्यांचे काम उघड्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर उंबरासारखी जागा नाही. हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते, आणि तिच्या काठाने उंबरे जागोजाग आहेत. खोडाला बिलगून हिरव्या फळांचे घोस लागले की फळाच्या सालीवर नजर ठेवावी.

उंबराचे फळ म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छ. त्याचे परागीकरण सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स ही सुमारे दोन मिलिमीटरची माशी करते. फळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून ती आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात आणि ती परत बाहेर येत नाही. आत ती काही फुलांत अंडी घालते, बाकीच्या फुलांचे परागीकरण होऊन बी धरते. हा झाला उंबराचा आणि तिचा ठरलेला व्यवहार.

पण सालीवर बाहेरून फिरणाऱ्या माश्या वेगळ्या असतात. त्यांच्या मागे केसासारखी एक लांब दोरी लोंबत असते, कधी अंगाच्या कितीतरी पट लांब. ती अंडनलिका. त्या माश्यांतली अपोक्रिप्टा वेस्टवूडी ही खरी परोपजीवी: फळाच्या आत वाढणाऱ्या दुसऱ्या माश्यांच्या पिल्लांवर तिची पिल्ले पोसतात. ती सालीवर मिशांनी ठोकत चालते, एका जागी थांबते, पाय रोवते आणि पोट उंच उभे करून अंडनलिका सालीला लावते. मग पोट हळूहळू खाली येते आणि नलिका जाड, कच्च्या सालीतून आत आत जाते. हे काम चालू असताना ती सहजी उडत नाही, त्यामुळे भिंग अगदी जवळ नेता येते. फोटो काढायचा तर हीच वेळ.

केसाहून बारीक नळी हिरव्या उंबराची साल भेदते कशी, हा प्रश्न बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील लक्ष्मीनाथ कुंदनाती आणि नम्रता गुंडिया यांनी हाती घेतला. २०१४ साली त्यांनी दाखवून दिले की या अंडनलिकेच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात आणि त्या दात्यांमध्ये जस्त साठवलेले असते. जस्तामुळे दाते कठीण होतात. परागीकरण करणाऱ्या माशीला साल भेदावी लागत नाही. तिच्या नलिकेला असे दाते नसतात. आपल्या नदीकाठच्या झाडावर, पाण्याला जाता-येता दिसणाऱ्या जातीवर हे संशोधन झाले आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कुळ ओळखायचे कसे

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि थोडा धीर, एवढ्यावर बहुतेक माश्यांचे कुळ ठरवता येते. जात ठरवणे हा पुढचा, सूक्ष्मदर्शकाचा भाग.

पहिला प्रश्न: ही खरी माशी की गांधीलमाशी? घरमाशीच्या गोतातल्या माश्यांना पंखांची एकच जोडी असते, मिशा आखूड असतात आणि डोळे डोके भरून असतात. परोपजीवी गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या, छाती आणि पोट यांच्यामध्ये स्पष्ट कंबर आणि सतत हलणाऱ्या लांब मिशा. अळीच्या पोटातून खऱ्या माश्याही निघतात. टॅकिनिड नावाच्या त्या माश्यांच्या अंगावर राठ काळे केस असतात आणि त्यांचा कोष तपकिरी, गुळगुळीत गोळीचा असतो. त्याही मित्रच, पण कुळ वेगळे.

दुसरा प्रश्न मिशांचा. मिशा धाग्यासारख्या लांब, सरळ आणि अनेक मण्यांच्या असतील तर इक्न्युमोनिड किंवा ब्रॅकोनिड. मिशा आखूड आणि मध्येच कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर चाल्सिड किंवा सेलिओनिड.

लांब मिशांच्या दोन गटांत फरक करायला पंख पाहावे लागतात. दोन्ही गटांच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर गडद डाग असतो आणि पंखभर शिरांचे जाळे असते. पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात, मागच्या कडेकडे उतरणाऱ्या आडव्या शिरा मोजाव्यात. दोन असल्या तर इक्न्युमोनिड, एकच असली तर ब्रॅकोनिड. अपवाद थोडे आहेत, पण शंभरातल्या पंच्याण्णव वेळा हा नियम उपयोगी पडतो. साधारणपणे इक्न्युमोनिड मोठ्या आणि सडपातळ असतात, त्यांतल्या काही रात्री दिव्यावरही येतात; ब्रॅकोनिड त्यामानाने लहान आणि आटोपशीर.

चाल्सिडांच्या पंखात जाळे नसतेच. पुढच्या कडेने धावणारी एक शीर, बाकी पंख मोकळा. अंग पुष्कळदा हिरवे-निळे, धातूसारखे चमकणारे. त्यांच्यात कुळे अनेक, पण काही पहिल्या नजरेत ओळखू येतात. मागच्या पायाची मांडी पैलवानासारखी फुगलेली आणि खालून दातेरी असेल तर चाल्सिडिड. अंग काळे आणि मांडीवर पिवळा पट्टा असेल तर ती ब्रॅकिमेरिया असण्याचा संभव मोठा, कोषांवर जगणारी. मधल्या पायांनी उड्या मारणारी बुटकी माशी असेल तर एन्सिर्टिड, पिठ्या ढेकणाची आणि खवले किडीची वैरीण. पावलाचे खंड चार असतील तर युलोफिड, तीनच असतील तर ट्रायकोग्रामाचे कुळ. पंख अरुंद, पट्टीसारखे आणि कडेला लांब केसांची झालर असलेले दिसले तर मायमॅरिड. या कुळातल्या डायकोपोमॉर्फा एकमेप्टेरिजिस या अमेरिकेतल्या जातीचा नर ०.१३९ मिलिमीटर भरतो. त्याला पंख नाहीत, डोळे नाहीत, आणि ज्ञात कीटकांत त्याच्याहून लहान कुणी नाही.

काळी, वाकड्या मिशांची, चपट्या पोटाची आणि पोटाच्या कडा धारदार असलेली माशी सेलिओनिड. ती अंड्यांवरची: ढेकण्यांची, टोळांची, पतंगांची.

बाटलीतली साक्ष

पानावर फिरणारी माशी पाहून ती कुणाची वैरीण आहे हे सांगता येत नाही. ते कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे यजमान घरी आणणे. ममी असलेले पान, काळी पडलेली अंडी किंवा मरगळलेली अळी वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत ठेवावी. तोंडाला पातळ कापड बांधावे, कारण साध्या जाळीतून या माश्या आरामात निसटतात. अळी जिवंत असेल तर रोज ताजे पान द्यावे आणि जुने काढून टाकावे. ओल साचली की बुरशी चढते आणि सगळे मुसळ केरात. बाटली उन्हात ठेवू नये. ममीतून माशी बहुधा आठवडाभरात निघते, अळीतून निघायला अधिक वेळ लागतो.

बाटलीवर चिठ्ठी हवी: तारीख, गाव, पीक किंवा झाड, यजमान कीड. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याची किंमत शून्य. माशी निघाली की आधी फोटो काढावेत, एक वरून, एक बाजूने आणि शक्य झाल्यास पसरलेल्या पंखाचा. नमुना जपायचा असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. बाटलीतून जी माशी निघेल तिनेच अळी मारली असे लगेच धरून चालू नये. अळीतल्या माशीच्या कोषावर दुसरी माशी बसलेली असू शकते. त्यासाठी कोष वेगळे करून एकेक स्वतंत्र कुपीत ठेवावेत, आणि कोणत्या कोषातून काय निघाले ते लिहून ठेवावे.

जात ठरवायला तज्ज्ञ लागतो, आणि असे तज्ज्ञ आपल्याकडे होते आणि आहेत. चाल्सिड माश्यांवर एम. एस. मणी आणि कालिकत विद्यापीठाचे टी. सी. नरेंद्रन यांनी हयात घालवली. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात पी. के. निकम यांनी इक्न्युमोनिडांवर काम केले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात टी. व्ही. साठे यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या परोपजीवी माश्यांचा अभ्यास केला. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोत या माश्यांचा मोठा संग्रह आहे. हौशी निरीक्षकांचाही यात वाटा आहे. २०१३ साली ब्यूरोच्या अंकिता गुप्ता यांनी स्वप्निल लोखंडे आणि अभय सोमण यांच्यासह बोर्बो सिनारा या साध्या, गवतावरच्या फुलपाखराच्या अळीतून निघालेली ब्रॅकोनिड माशीची एक जात जगासमोर प्रथमच आणली. फुलपाखरू सर्वांच्या ओळखीचे, त्याच्या अळीतली माशी शास्त्राला अनोळखी. आपल्या बांधावरच्या बाटलीतूनही असे काही निघू शकते.

उसाचा मावा आणि पपईचा ढेकूण

२००२ साली सांगली-कोल्हापूरच्या उसावर लोकरी मावा आला तो दिवस जुन्या शेतकऱ्यांच्या अजून लक्षात आहे. पानांच्या मागे पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि काजळी, आणि फडच्या फड काळवंडलेले. वाढलेल्या उसात औषध मारायला शिरणेच अशक्य. हा मावा शेवटी आटोक्यात आला तो प्रामुख्याने मित्रकिडींमुळे. माव्यावर तुटून पडणारी डिफा अळी आणि मायक्रोमस हे त्यातले ठळक शिलेदार. त्यांच्या जोडीला एन्कार्शिया फ्लेव्होस्क्युटेलम ही माव्याच्या पोटात वाढणारी इवली माशी. ज्यांनी घाईने फवारे मारले, त्यांच्या फडात हे मित्रही मेले.

पपईचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. २००८ साली कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात प्रथम आढळला आणि दोन वर्षांत पुण्यापर्यंत येऊन पोहोचला. हा ढेकूण मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. त्याचे वैरी इथे नव्हतेच. २०१० साली बंगळूरच्या ब्यूरोने पोर्टो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणवल्या. त्यांतल्या असेरोफॅगस पपयी या एन्सिर्टिड माशीने इथे जम बसवला आणि ढेकणाचा प्रादुर्भाव झपाट्याने ओसरला. जी कीड कितीही औषधांना दाद देत नव्हती, तिला मिलिमीटरभर लांबीच्या माशीने जेरीला आणले.

या दोन्ही गोष्टींतून निघणारा अर्थ सरळ आहे. कीड आणि तिची वैरीण यांच्या लढाईत कीड आधी येते, वैरीण मागून येते. मधल्या आठ-पंधरा दिवसांत आपला धीर सुटतो आणि आपण पंप पाठीवर घेतो. कीड पुन्हा लवकर उभी राहते, वैरिणीला वेळ लागतो, आणि पुढच्या वेळी फवारा आणखी लवकर मारावा लागतो. ट्रायकोकार्ड लावून चार दिवसांनी कीटकनाशक मारणे म्हणजे तर स्वतःच पैसे देऊन आणलेल्या गड्यांना स्वतःच मारणे. कार्ड लावण्याआधी आणि नंतर आठ-दहा दिवस तरी फवारणी टाळावी, कार्ड पानाच्या मागच्या बाजूला, सकाळी किंवा संध्याकाळी लावावे. पाचट पेटवले की त्यात दडलेले कोषही जळतात, हेही ध्यानात ठेवावे. बांधावर थोडी फुले असू द्यावीत; पिल्ले मांसाहारी असली तरी मोठ्या माश्यांना मध आणि परागच लागतात.

गडहिंग्लज परिसरात हे सगळे पाहायला चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून हरभरा भरेपर्यंतचा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते जानेवारी. आजऱ्याकडच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस जास्त लांबतो, तिथे थोडे उशिरा सुरू करावे. संकेश्वरकडच्या कोरड्या पट्ट्यात लवकर. शाळेच्या मुलांना एक भिंग आणि चार बाटल्या दिल्या तर ती हे काम आपल्यापेक्षा चोख करतील.

शेतकऱ्यासाठी मात्र एवढेच पुरे: फवारणीचा निर्णय घेण्याआधी शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीस-पंचवीस पाने उलटून पाहा. ममी मोजा, काळी अंडी मोजा, अळीच्या पाठीवरचे कोष मोजा. जिथे ते भरपूर आहेत तिथे आठवडाभर थांबा आणि पुन्हा मोजा. पाठीवर कोष घेऊन बसलेली अळी चिरडू नका. ती पिकाचे काही बिघडवायच्या पलीकडे गेलेली असते, आणि तिच्या पाठीवर तुमचे पुढच्या पिढीचे राखणदार असतात.